मामांच्या गळ्यातली दुर्बीण: नऊ हजार रुपये, चष्म्याचा नंबर आणि रंकाळा

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, म्हणून निवृत्ती ३१ मे. गुरुजींनी पहिलीत नाव घालताना सोयीनं लिहिलेल्या तारखेमुळे एका पिढीतले कितीतरी सरकारी कर्मचारी एकाच दिवशी हार घालून घरी येतात. या प्रकरणातले मामा त्यातलेच. शाल-श्रीफळ कार्यालयाकडून मिळणार होतं. घरच्यांकडून काय द्यायचं, यावर तीन भाचरांचं लवकर एकमत झालं. मामा रोज पहाटे कोल्हापुरातल्या रंकाळा तळ्याला चक्कर मारतात, दोनेक वर्षांपासून पक्ष्यांच्या नादाला लागलेत, वर्षातून दोनदा दाजीपूरच्या अभयारण्यात जातात आणि दरवेळी शेजारच्याच्या गळ्यातली दुर्बीण मागून घेतात. तिघांनी तीन-तीन हजार काढले. एकूण ९,००० रुपये, हातात वेळ पाच आठवडे.

एकमत तिथंच संपलं. धाकटा भाचा '२०×५०' म्हणत होता, थोरला '१०×५०' म्हणत होता आणि भाचीला मामींनी बजावलं होतं, "जड काही आणू नका, मान धरते त्यांची." तिघंही आपापल्या जागी बरोबर वाटत होते. निकाल शेवटी मामींनी गुपचूप काढून पाठवलेल्या चष्म्याच्या कागदानं लावला.

ती गोष्ट पुढे येईलच. आधी आकडे. दुर्बिणीवरचा पहिला आकडा किती पट जवळ दिसतं ते सांगतो आणि दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्याकडे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोळ्याचा व्यास मिळतो. ८×४२ ला ५.२५ मि.मी., १०×५० ला ५, १०×२५ ला अडीच. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मि.मी. उघडी असते, तेव्हा अडीचचा गोळाही पुरतो. पहाटे सहाला रंकाळ्यावर किंवा दाजीपूरच्या दाट झाडीत ती जास्त उघडते आणि अडीचचा गोळा तोकडा पडतो, चित्र मळकट दिसतं. तरुणपणी अंधारात बाहुली सात मि.मी.पर्यंत जाते, साठीच्या आसपास पाचच्या घरात येते किंवा त्याहून कमी. म्हणजे अठ्ठावन्नच्या माणसाला चार ते पाच मि.मी.चा गोळा पुरेसा आहे. सातसाठी ७×५० चं धूड गळ्यात घालण्यात अर्थ नाही.

धाकट्याचं '२०×५०' दोन कारणांनी बाद झालं. एक, वीस पट मोठं दिसतं तेव्हा हाताचा कंपही वीस पट मोठा होतो. तिपाईशिवाय वीस पटीत पक्षी पाहणं म्हणजे वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या, मागच्या सीटवर बसून पेपर वाचणं. आठ पट बहुतेकांना हातात स्थिर धरता येते, दहा पट सवयीच्या माणसाला, बारापासून पुढे तिपाई हवी. दुसरं कारण जास्त गंभीर. १,८०० रुपयांत '२०×५०' किंवा '१०-१८०×१००' असं झूम लिहिलेलं जे विकलं जातं, त्यावरचे आकडेच खोटे असतात. खिशात मावणारी '३०×६०' तर सगळीकडे दिसते. साठ मि.मी. म्हणजे सहा सेंटिमीटर. तशा दोन काचा शेजारी ठेवल्या तर नुसती काचच बारा सेंटिमीटर भरते, ती शर्टाच्या खिशात जाईल कशी? पट्टी लावून पाहिलं की काच बावीस-पंचवीस मि.मी.ची निघते.

मोठेपणाचा आकडाही पट्टीनं तपासता येतो. दुर्बीण डोळ्यापासून हातभर लांब उजेडाकडे धरायची, डोळ्याच्या काचेत (ज्या काचेला डोळा लावतो तिच्यात) पांढरा गोळा दिसतो. त्यावर पारदर्शक पट्टी धरून व्यास मोजायचा आणि पुढच्या काचेच्या मोकळ्या व्यासाला त्यानं भागायचं. वीस पट म्हणून विकलेल्या पन्नासच्या काचेला अडीच मि.मी.चा गोळा यायला हवा. पाचचा आला तर ती दहा पटच आहे. त्यातल्या त्यात बरं म्हणायचं.

अशा मालाची आणखी एक खूण म्हणजे लाल चमकणाऱ्या काचा. हे 'रुबी कोटिंग' दिसायला भारी असतं, पण ते लाल रंगाचा प्रकाश बाहेरच परतवतं, त्यामुळे आतलं चित्र निळसर-हिरवट पडतं. ज्या माणसाला जांभळी पाणकोंबडी बघायची आहे, तिच्या लाल चोचीसकट, त्याला हे देऊन काय उपयोग? झूम दुर्बिणीत तर दोन्ही नळ्यांत भिंगं सारखीच सरकावी लागतात. स्वस्तात ते जमत नाही, आणि पट वाढवली की नजरेचा घेर आकसत जातो.

चष्म्याचा कागद

मामींचा व्हॉट्सअॅप आला तो असा: "दोन्ही बाजूंचा फोटो काढलाय. त्यांना कळू देऊ नको, लगेच विचारत सुटतील." कागदावर उजवा डोळा −२.२५, सिलिंडर −१.५०, डावा −१.७५, सिलिंडर −१.२५, जवळचा जादा नंबर +२.२५, दोन बाहुल्यांमधलं अंतर ६६ मि.मी.

या चार ओळींत खरेदीचं अर्धंअधिक काम झालं. नुसता उणे किंवा अधिक नंबर असता तर चष्मा काढून दुर्बिणीच्या फोकसनंच तो भरून निघाला असता. दोन डोळ्यांतला फरक उजव्या काचेच्या डायॉप्टर कड्यावर बसवता येतो. पण सिलिंडर नंबर, म्हणजे एका दिशेच्या रेघा स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेच्या पुसट दिसणं, तो दुर्बिणीचं कुठलंच चाक भरून काढत नाही. अर्धा-पाऊण सिलिंडर असेल तर चालवून घेता येतं. दीड सिलिंडरला चष्मा घालूनच बघायला हवं. शिवाय रंकाळ्यावर चालताना चष्मा काढा, दुर्बीण लावा, पुन्हा चष्मा घाला, एवढ्या वेळात खंड्या मासा घेऊन उडूनही जातो.

मग सगळ्यात महत्त्वाचा आकडा डब्याच्या तोंडावर छापलेला उरत नाही. तो माहितीच्या तक्त्यात तळाशी असतो: आय रिलीफ. डोळ्याच्या काचेपासून डोळा किती मागे असला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. चष्म्याची काच बुबुळापासून साधारण बारा-चौदा मि.मी. पुढे असते, तिची जाडी वेगळी. आय रिलीफ बारा मि.मी. असेल तर चष्मेवाला डोळा त्या बिंदूपर्यंत पोचतच नाही, आणि सगळं चित्र कुलपाच्या भोकातून पाहिल्यासारखं दिसतं. पंधरा म्हणजे काठावर पास. सतरा-अठरा असलं की निर्धास्त. इथं एक पळवाटही आहे. कंपनी हे अंतर काचेपासून मोजते, पण काच रबराच्या कडेच्या आत दोन-तीन मि.मी. खोल बसवलेली असते. म्हणजे कागदावरचे सतरा हातात येईपर्यंत चौदा-पंधरा होतात. म्हणून चष्मेवाल्यासाठी पंधरा छापलेली दुर्बीण घेताना प्रत्यक्ष लावून बघावीच लागते.

मामांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, हेही बघून ठेवायचं. त्याच्या वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून वाचायचं. कठड्यावरून पाण्यातली टिबुकली बघताना माणूस नुसती नजर खाली वळवतो आणि वाचायच्या भागातून बघतो. सगळं धूसर होतं आणि दोष दुर्बिणीला मिळतो. अशा वेळी डोकं वाकवायचं, नजर समोरच ठेवायची.

६६ मि.मी. बाहुली-अंतराची अडचण नव्हती. बहुतेक दुर्बिणी ५६ ते ७२ मि.मी.पर्यंत मिटतात-उघडतात. लहान मुलांसाठी किंवा अगदी अरुंद चेहऱ्यासाठी मात्र हा आकडा आधी बघावा.

पोरो की रूफ

नऊ हजारांच्या आत तीन खरे उमेदवार उरले. (भाव या खरेदीच्या वेळचे आहेत, दर आठवड्याला हलतात.)

पहिली ८×४० पोरो, ६,१०० रुपये, ७६० ग्रॅम. पोरो म्हणजे जुन्या धाटणीची, पुढच्या काचा डोळ्यांपेक्षा लांब-लांब असलेली, खांदे पडलेली दुर्बीण. इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसानं १८५४ साली ही प्रिझमची (उलटं चित्र सुलटं करणाऱ्या काचेच्या ठोकळ्यांची) जोडणी पेटंट केली आणि आजही कमी पैशात सगळ्यात स्वच्छ चित्र हीच देते. कारण साधं आहे. तिच्या प्रिझममध्ये प्रकाश पूर्ण परावर्तित होतो, आरशाचा मुलामा लागत नाही. घेरही मोठा, ८.२ अंश, म्हणजे शंभर मीटरवर साधारण चौदा मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत. तोटा हा की बहुतेक स्वस्त पोरोंचं आय रिलीफ बाराच्या आसपासच असतं. उदाहरणादाखल, निकॉनच्या अॅक्युलॉन ८×४२ चं कंपनीनं दिलेलं आय रिलीफ १२ मि.मी. आहे. चांगली दुर्बीण आहे, पण चष्म्याशिवाय बघणाऱ्याची. दुसरा तोटा, फोकसचं चाक फिरवलं की डोळ्याच्या दोन्ही काचा पुढे-मागे सरकतात. त्या सरकत्या फटीतून दमट हवा आत जाते.

दुसरी १०×५० पोरो, ७,२०० रुपये, जवळपास ९०० ग्रॅम. थोरल्याची निवड. टेकडीवरून घार-ससाणे बघायला किंवा रात्री गच्चीवरून चंद्र-तारे बघायला उत्तम. मान धरणाऱ्या माणसाच्या गळ्यात दोन तास जवळपास एक किलो? मामींचा नकार आधीच आला होता. आय रिलीफ इथंही बाराच.

तिसरी ८×४२ रूफ, ८,६५० रुपये, ६३० ग्रॅम. सरळ नळ्यांची, सडपातळ. आय रिलीफ १७ मि.मी., घेर ७.४ अंश, म्हणजे शंभर मीटरवर तेरा मीटरच्या आसपास, आणि दोन मीटरवरचंही फोकस होतं. फुलपाखरू, चतुर, समोरच्या फांदीवरचा शिंजीर, सगळं चालतं. आत नायट्रोजन भरून बंद केलेली, पाण्यातही चालणारी.

रूफमध्ये गोम अशी की तिचं प्रिझम बनवायला महाग असतं. वरच्या छपरासारख्या कडेवर प्रकाश दोन भागांत फुटतो आणि पुन्हा जुळताना त्या दोन भागांचा मेळ बिघडतो, चित्राचा तजेला जातो. त्यावर १९८८ साली झाइसनं फेज कोटिंग आणलं. हळूहळू ते स्वस्त दुर्बिणींतही उतरलं, पण सगळ्यांत नाही. शिवाय प्रिझमच्या एका बाजूला आरशाचा मुलामा लागतोच, आणि तो हलका असेल तर प्रकाश तिथंही गळतो. म्हणून पाच हजारांच्या आतली रूफ घेण्यापेक्षा त्याच पैशात पोरो घ्यावी, हा आमचा नेहमीचा सल्ला. इथं तिसऱ्या दुर्बिणीच्या तक्त्यात 'फेज कोटेड', 'बाक-४ प्रिझम' (म्हणजे चांगल्या प्रतीच्या काचेचं) आणि 'फुली मल्टी-कोटेड' हे तिन्ही शब्द होते. तिसऱ्या शब्दातला 'फुली' मोलाचा, म्हणजे प्रत्येक पृष्ठावर कोटिंगचे अनेक थर. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के प्रकाश परत जातो. एका नळीत अशी दहा पृष्ठं धरली तर पार होतो जेमतेम ६६ टक्के. नुसतं 'कोटेड' लिहिलेलं असेल तर काही पृष्ठांवर एकेरी थर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मधेच एक चौथी आली होती: ८×३२ रूफ, ४८० ग्रॅम, ८,२०० रुपये, आय रिलीफ १५. मानेसाठी हीच बरी, असं भाचीचं म्हणणं, आणि ते सहज झटकून टाकण्यासारखं नव्हतं. प्रकाशाचा गोळा चार मि.मी., म्हणजे पहाटेही फार मागे नाही. पण चष्म्यातून बघताना डोळा किंचित इकडेतिकडे झाला की लहान गोळा बाहुलीवरून निसटतो, आणि पंधराच्या आय रिलीफमध्ये आधीच ओढाताण आहे. चष्मा नसता तर ८×३२ च घेतली असती. दीडशे ग्रॅमच्या फरकावर दुसरा तोडगा होता: मानेवरचा पट्टा काढून खांद्यांवरून जाणारा, पाठीवर फुली होणारा पट्टा लावायचा, ७०० रुपये. ओझं मानेवरून खांद्यांवर जातं. बजेट साडेतीनशे रुपयांनी फुटलं, ते थोरल्यानं घातले. स्वतःची निवड हरल्याचा दंड, असं बाकी दोघांचं म्हणणं.

एक कारण अजून राहिलं आणि ते तारखेनं आणलं. ३१ मे नंतर आठवड्या-दोन आठवड्यांत कोल्हापुरात पाऊस. भेट मिळाल्यावर पहिले चार महिने ती दुर्बीण छत्रीखालीच वापरली जाणार. पोरोची सहा हजारांची स्वस्ताई एका पावसाळ्यात आतल्या बुरशीनं वसूल करून घेतली असती.

आधी उघडायची, मग बांधायची

भेट म्हणून आणलेल्या दुर्बिणीचं सगळ्यात मोठं नुकसान चकचकीत कागद करतो. डबा तसाच बांधून ठेवायचा, समारंभाला फोडायचा, तोवर बदलून घ्यायची मुदत संपलेली. इथं तिसरी, ८×४२ रूफ, मागवली ८ मे ला. आल्याबरोबर खोका फोडतानाचा व्हिडिओ काढला, बिलावरचा नंबर आणि दुर्बिणीवरचा नंबर जुळवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाची रंकाळ्यावर गेली.

सकाळीच का? चौपाटीकडून बघताना शालिनी पॅलेस पश्चिमेला, सूर्य पाठीमागे, समोरचं सगळं उजळलेलं. संध्याकाळी उलट: सूर्य समोर, पक्षी नुसते काळे आकार, आणि मावळतीकडे दुर्बीण फिरवताना सूर्य चुकून नजरेत येण्याचा धोका. दुर्बिणीतून सूर्य बघितला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. रंकाळ्याचा सूर्यास्त नुसत्या डोळ्यांनीच बघावा. दुपारीही तपासू नये, पाण्यावरची तापलेली हवा थरथरते आणि चांगली काचही वाईट दिसते. भर उन्हात दुकानाबाहेर उभं राहून समोरची पाटी बघणं ही तर तपासणीच नव्हे. उन्हात १,८०० वालीसुद्धा छान दिसते. सावलीतलं, झाडाच्या बुंध्याजवळचं, जिन्याखालचं बघायचं.

पहिली चाचणी, दोन्ही नळ्या एका दिशेला बघतात का. तळ्यातल्या संध्यामठाच्या छताची आडवी कड फोकस करायची, मग दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर लांब न्यायची. दोन वेगळे गोल दिसू लागतात. दोन्हींत ती कड एकाच उंचीवर असायला हवी. भाचीला उजव्या गोलातली कड स्पष्ट खाली दिसली, जिन्याची पायरी असावी तशी. डोळ्याला लावून बघताना चित्र एकच वाटत होतं, पण दहा मिनिटांत भुवयांच्या मधोमध दुखायला लागलं. दोन नळ्यांच्या चित्रांत वर-खालचा फरक असला की डोळ्यांचे स्नायू ते जुळवण्यासाठी ओढ घेतात. आडवा फरक थोडा चालतो, उभा जवळजवळ चालतच नाही. वाटेतल्या आदळआपटीत प्रिझम हललं की हे होतं, बाहेरून काही कळत नाही. यावर स्क्रू फिरवून घरी इलाज करायचा नसतो. नायट्रोजनची दुर्बीण एकदा उघडली की वॉरंटी आणि पाणीबंदी दोन्ही गेली. परत पाठवली. १९ मे ला दुसरी आली.

दुसरीत कड समपातळीत. मग डोळ्याच्या काचेतला पांढरा गोळा बघितला. चांगल्या बाक-४ प्रिझमला तो पूर्ण गोल असतो, हलक्या काचेच्या प्रिझमला कडा राखाडी पडून चौकोनी, पतंगासारखा दिसतो. इथं गोल होता, एका बाजूला अगदी बारीक सपाट कडा. या किमतीत तेवढं माफ. दोन्ही नळ्यांत टॉर्च मारून आत बघितलं, एखादा धुळीचा कण होता, तो चित्रात दिसत नाही. बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा धुकट थर असता तर परत. फोकसचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, मधे अडतं का, सैल पडतं का. पोरो घेतली असती तर डोळ्याच्या काचांवर आळीपाळीनं अंगठा दाबूनही बघावं लागलं असतं. स्वस्त पोरोंचा मधला पूल हेलकावतो आणि दाब पडेल त्या बाजूचा फोकस बिघडतो.

शेवटची चाचणी चष्म्याची. भाचीला चष्मा नाही, म्हणून थोरल्याला घेऊन गेले, त्याला आहे. डोळ्याचे कप पूर्ण आत फिरवून चष्म्यातून बघितलं तर चित्राभोवतीचा काळा गोल काठ सगळ्या बाजूंनी कापलेला, रेखीव दिसला. हीच पूर्ण घेर मिळाल्याची खूण. काठ पुसट असेल किंवा दिसतच नसेल, तर घेराचे पैसे देऊन अर्धाच घेर मिळतोय.

३१ मे, संध्याकाळी

मामांनी डबा उघडला, दुर्बीण काढली, गच्चीवरून टेंबलाई टेकडीच्या दिशेला लावली आणि म्हणाले, "आरं, ह्यात निस्तं काळं-काळं येतंय की."

"मामा, कप वर आहेत. ते फिरवून आत घाला, चष्मा काढू नका."

डब्यातून निघताना कप बाहेर ओढलेले होते, दाखवायला. वर ओढलेले कप चष्मा नसलेल्यांसाठी असतात. ते डोळा योग्य अंतरावर मागे ठेवतात. चष्म्यावर तेच कप लावले की डोळा आणखी मागे जातो आणि चित्राच्या कडेनं काळ्या चंद्रकोरी नाचायला लागतात. फिरवून आत घातल्यावर मामा गप्प झाले, बराच वेळ गप्प राहिले. मग मामींना बोलावून समोरच्या इमारतीच्या टाकीवरचा कावळा दाखवला.

डायॉप्टर तरीही भाचीच्या डोळ्यांना बसवलेला होता, तो लावून घेतला. पद्धत अशी: उजव्या नळीला पुढून टोपण लावायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून डाव्या डोळ्यानं पन्नासेक मीटरवरचं बारीक काहीतरी, पाटीवरची अक्षरं किंवा जाळीची तार, मधल्या चाकानं स्पष्ट करायची. मग टोपण डाव्या नळीला, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या काचेचं कडं फिरवून तीच तार स्पष्ट करायची. हाताने नळी झाकताना डोळा मिटला तर मिटलेल्या डोळ्याचा ताण दुसऱ्यालाही येतो आणि बसवणी चुकते, म्हणून टोपण. कडं बसलं तिथं मामींच्या पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. दुर्बीण नातवंडांच्या हातून फिरून आली की कडं हलतंच, ठिपक्यावर परत आणलं की झालं. चष्मा घालूनच बघत असल्यानं मामांचं कडं जवळजवळ शून्यावरच बसलं.

पावसाळ्याच्या खाती

पाणीबंद म्हणजे आत पाणी जात नाही. बाहेरच्या काचेवर वाफ धरतेच, आणि चष्मेवाल्याला दुप्पट: चष्म्याला आणि दुर्बिणीलाही. दुर्बीण छातीशी धरली, तोंडातला श्वास खाली सोडला, की कमी होतं. पट्ट्यावर सरकणारं झाकण पावसात डोळ्याच्या काचांवर टाकून ठेवायचं, समोरच्या काचा खाली तोंड करून राहतातच.

रंकाळ्यावर जलपर्णी असते तिथं जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी पक्षी, टिबुकल्या जवळ मिळतात. तिथं दुर्बीण स्थिर धरायला कोपर कठड्यावर टेकवायचे, किंवा टोपीचा पुढचा भाग बोटांनी दुर्बिणीसकट धरायचा. दाजीपूरला, १९५८ पासूनच्या त्या अभयारण्यात, गवा दिसला तर तो बहुधा दुर्बिणीविना दिसेल इतका मोठा असतो. तिथं दुर्बीण उपयोगी पडते ती उंच झाडावरच्या धनेशासाठी, आणि तेव्हा मान वर करून जास्त वेळ राहावं लागतं. खांद्यावरचा पट्टा इथं कामाला येतो.

काच पुसायची तर आधी रबरी फुग्यानं धूळ उडवायची. धुळीवरच कापड फिरवलं तर ते पॉलिशपेपर होतं. सदऱ्याचं टोक, टॉवेल, उपरणं, काहीच नाही. चष्म्याचं मऊ कापड चालतं, ते स्वच्छ असेल तर.

बुरशीचा धोका बंद दुर्बिणीलाही बाहेरून आहे. कोटिंगवर बोटाचे तेलकट ठसे आणि ओल मिळाली की ती काचेवरच वाढते. सोबत आलेल्या फोमच्या कव्हरमध्ये पावसाळाभर ठेवायची नाही, फोम ओल धरून ठेवतो. घट्ट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि दुर्बीण, एवढंच. निळी जेल गुलाबी झाली की मंद आचेवर तव्यात निळी होईपर्यंत सुकवून पुन्हा वापरता येते. डबा माळ्यावर टाकू नये. डब्यातून आठवड्याला एकदा तरी काढली गेली, तर ती तशीही टिकते. मामांच्या बाबतीत तो प्रश्न नव्हता.

बिल आणि वॉरंटीचा कागद भेटीबरोबर दिला नाही, किंमत दिसते. भाचीनं दोन्हींचे फोटो मामींना पाठवले आणि कागद स्वतःकडे ठेवले. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडची, जीएसटी बिलासह. त्याच दुर्बिणीला हजार रुपये कमी सांगणारा एक विक्रेता होता, पण त्याच्या बिलावर वॉरंटी चालणार नव्हती. पहिल्या दुर्बिणीची नळी वाकडी निघाल्यावर त्या हजाराचं मोल कळलं.

कागदावर सिलिंडर नसता तर हेच प्रकरण वेगळं संपलं असतं. मामा चष्मा काढून बघू शकले असते, ८×४० पोरो जास्त उजळ चित्र देऊन गेली असती, आणि अडीच हजार वाचले असते. त्यातले हजारभर तिला पावसाळ्यात सांभाळण्यासाठी गेले असते, तरी फायदाच. जोडीला पक्ष्यांचं मराठी पुस्तकही आलं असतं. मामांचं बसणं गच्चीवरच असतं आणि मान ठीक असती, तर थोरल्याची १०×५० बरोबर होती. साधी तिपाई आणि मधल्या बिजागरीच्या टोकाला लागणारा अडॉप्टर जोडला की तिच्यात गुरूचे चार मोठे उपग्रहही दिसतात.

मामांना अजून काही वर्षांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागेल, नवी काच बसेल आणि लांबचा नंबर बहुधा जवळजवळ जाईल. तेव्हा कप फिरवून बाहेर ओढायचे, दुर्बीण बदलायची गरज नाही. पांढरा ठिपका तेवढा खरवडून नव्या जागी लावावा लागेल.